लेकीनं दिलेला कॅमेरा कपाटातच पडून आहे, काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५९, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून गेल्या वर्षी निवृत्त. निवृत्तीला पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं त्यांना कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ हा छोटा कॅमेरा भेट दिला. माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली, वहीत टिपणं काढली, पण मेनू काही उलगडेना आणि वही बंद झाली. पुतण्याच्या साखरपुड्याला मोठ्या हौसेनं कॅमेरा नेला, तर फोटो पिवळट आणि हललेले आले. काही तर बटण न दाबताच निघाले. त्याच समारंभातले जाऊबाईंनी मोबाइलवर काढलेले फोटो मात्र घरच्या ग्रुपवर सगळ्यांना आवडले. यजमान म्हणतात, "फोन आहे की हातात, हे विकून टाक." लेक दर फोनला विचारते, "आई, फोटो पाठव ना," आणि ताई "वेळच होत नाही" म्हणून वेळ मारून नेतात. सकाळी फिरायला जाताना रस्त्याकडेच्या रानफुलांचे फोटो त्या मोबाइलवर काढतात. कॅमेरा दवानं खराब होईल म्हणून घरीच ठेवतात. त्यांचा प्रश्न असा: पुण्याला रविवारच्या फोटोग्राफीच्या क्लासला जावं, कॅमेरा विकावा, की हे आता आपल्या वयाला झेपणारं नाही असं मान्य करावं?

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, रानफुलांचं. रोज सकाळी जी बाई रस्त्याकडेला थांबून फुलापाशी वाकते, तिला फोटोची हौस आहे, नजर आहे आणि सवयही आहे. अडलंय ते एका नव्या वस्तूशी ओळख होण्यापाशी. त्या ओळखीसाठी तुम्ही नेमका अवघडातला अवघड प्रसंग निवडलात, आणि जिथे कॅमेरा सहज रुळला असता तिथे तो घरी ठेवलात. म्हणून वयाचा, क्लासचा किंवा विकण्याचा निकाल आजच लावू नका, असं मला मनापासून वाटतं.

आधी साखरपुड्याचं बघू, कारण तुमचा धीर तिथे खचला आहे. संध्याकाळची वेळ, कार्यालयातल्या दिव्यांचा उजेड आणि एका जागी न थांबणारी माणसं. आपल्या डोळ्यांना तो हॉल लख्ख दिसतो, पण कॅमेऱ्याच्या हिशेबानं तिथे उजेड फारच कमी असतो. मग ऑटोवरचा कॅमेरा पुरेसा उजेड मिळावा म्हणून शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यात नवऱ्या मुलीनं मान वळवली की चेहरा पुसल्यासारखा येतो. कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरून घेणारी सोय आहे, पण ती तुमच्या हातापुरतीच; समोरचं माणूस हललं तर तिचा काही उपयोग नाही. शिवाय तुम्ही बहुधा खुर्चीवर बसून झूम केलं असणार. या कॅमेऱ्याची लेन्स झूम न करता एफ १.८ पर्यंत उघडते, पूर्ण झूमला एफ २.८ पर्यंतच. आकडे विसरलात तरी चालेल, त्यांचा अर्थ तेवढा लक्षात ठेवा: पूर्ण झूम केलं की आत येणारा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून अशा हॉलमध्ये उठून चार पावलं पुढे गेलेलं बरं. अगदी जवळ जाऊन भिडू मात्र नका, कारण झूम पूर्ण मागे असताना कडेला उभ्या माणसांचे चेहरे ताणल्यासारखे येतात.

पुढच्या कार्याला एवढंच करा. वरच्या चकतीवर टी आणि व्ही अशी इंग्रजी अक्षरं आहेत, तिथे ती फिरवा आणि शटरचा वेग १/१००, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, ठेवा. बाकीचं कॅमेऱ्यावर सोडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/१०० वर फोटोत त्या दिव्यांचे पट्टे उमटायची शक्यता कमी असते, आणि बसल्या-बोलल्या माणसांना तेवढा वेग पुरतो. वरात नाचायला लागली तर १/२५० करा. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्यात. दाणेदार पण स्पष्ट चेहरा पुसट चेहऱ्यापेक्षा केव्हाही चांगला. पिवळटपणा दिव्यांमुळे येतो, व्हाइट बॅलन्स या रंगछटा सावरणाऱ्या सोयीत बल्बचं चिन्ह निवडलंत की तो बराचसा जाईल. आणि न दाबता निघालेल्या फोटोंना घाबरू नका, कॅमेरा बिघडलेला नाही. पडद्याला बोट लागलं की फोटो काढायचा, अशी टच शटर नावाची सोय चालू राहिलेली असणार. मेनूतून ती बंद करा.

आता जाऊबाईंच्या फोटोंबद्दल. "महागाचा कॅमेरा आहे, म्हणजे फोनपेक्षा चांगलेच फोटो यायला हवेत" असं तुम्ही धरून चालला आहात, आणि घरातलेही. पण फोन बटण दाबल्याबरोबर भराभर अनेक फोटो काढतो, ते एकमेकांत मिसळतो, चेहरे उजळतो, खिडकीबाहेरचा भगभगीत उजेड आवरतो आणि तयार फोटो हातात देतो. तुमचा कॅमेरा साधारणपणे एकच फोटो काढतो, आणि तो कसा हवा ते तुम्हाला विचारतो. उत्तर द्यायची सवय होईपर्यंत ऑटोवरच्या कॅमेऱ्यापेक्षा फोनचे फोटो बऱ्याचदा उजवे दिसणार. त्यात भर म्हणजे ग्रुपवर टाकताना व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, मग तळहाताएवढ्या पडद्यावर दोन्हींतला फरक उरतोच किती? तुम्हाला लेकीला चांगला फोटो पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग कॅमेरा कशाला, हा यजमानांचा प्रश्न रास्तच आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. फक्त ग्रुपवर टाकायला, कार्यक्रमाची आठवण म्हणून फोटो हवे असतील तर फोन पुरेसा आहे. कॅमेऱ्याचं वेगळेपण दुसरीकडे आहे. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे बहुतेक फोनच्या सेन्सरपेक्षा मोठा. त्याचं झूम भिंगांचं आहे, फोटो कापून मोठा केलेला नव्हे. आणि झूम पूर्ण मागे असताना तो लेन्सपासून ५ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट टिपतो. हे शेवटचं वाचून तुम्हाला काय आठवलं असेल ते मला कळतंय.

तेव्हा उद्यापासून कॅमेरा सकाळी बरोबर न्या. दोरी मनगटात अडकवा, चालताना तो पाउचमध्ये किंवा पर्समध्ये राहू दे. दवाची भीती धरू नका. हा कॅमेरा पाण्यात चालणारा नाही हे खरं, पण गवतावरच्या दवाचा थेंब लागला तर कोरड्या मऊ फडक्यानं टिपायचा. पाऊस आला की आत ठेवायचा.

आता एकच फूल घेऊ. समजा कडेच्या गवतात तेरडा फुललाय. आपला हात आपसूक झूमकडे जातो, फूल मोठं दिसावं म्हणून. इथे उलट करायचं. झूम पूर्ण मागे आणा आणि कॅमेराच फुलाजवळ न्या, वीतभर अंतरापर्यंत, मग आणखी थोडा पुढे. झूम पूर्ण पुढे असेल तर हा कॅमेरा ४० सेंटिमीटरच्या अलीकडचं काही स्पष्ट टिपू शकत नाही, तेव्हा फोटो पुसट आला तर दोष तुमच्या हाताचा नसतो. गुडघे टेकून बसायचीही गरज नाही. मागचा पडदा वरच्या बाजूला उघडतो. तो उचला, कॅमेरा कमरेखाली धरा आणि वरून पडद्यात बघा. गुडघ्यांचा विचार करणाऱ्या कुणालाही मी आधी हीच गोष्ट दाखवीन. पडद्यावर फुलाला बोट लावा, म्हणजे कॅमेऱ्याला कळेल की मागचं गवत नको, हे हवं. कोपरं अंगाला चिकटवून धरा. मग बटण अर्धं दाबा.

या अर्ध्या दाबण्यावर दोन शब्द जास्त लिहिते, कारण वर्षानुवर्षं फोन वापरलेल्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. फोनवर बोट टेकवलं की फोटो निघतो. इथे बटणाला दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर बोट थांबवलंत की कॅमेरा नजर स्थिर करतो, बारीक आवाज येतो, पडद्यावरची चौकट हिरवी होते. बोट तसंच ठेवून मग दुसरी पायरी, हळूच, बटण पिळल्यासारखी. एकदम खटकन दाबलं की कॅमेरा हलतो किंवा त्याची नजर भलत्याच जागी स्थिरावते. घरी टीव्ही बघता बघता नुसता हा अर्धा दाब करत बसा, फोटो न काढता. समोरचा पेला, मग लांबचं कॅलेंडर, मग पुन्हा पेला. बोटाला ती पहिली पायरी न बघता सापडायला लागली की कॅमेऱ्याचं निम्मं परकेपण गेलेलं असेल. हा कॅमेरा नसून दुसरा कुठलाही असला तरी सुरुवात इथूनच करावी.

दुसरी गोष्ट उजेड कमीजास्त करण्याची. चकती ऑटोवरून पी या अक्षरावर आणा. पी म्हणजे जवळजवळ ऑटोच, पण तुमचं थोडं ऐकणारा. त्याच चकतीखाली आणखी एक चकती आहे, तीवर ० आणि दोन्ही बाजूंना ३ पर्यंत आकडे. हिरव्या गर्द गवतात पांढरं फूल असलं की कॅमेरा गवत बघून फोटो उजळतो आणि पाकळ्या नुसत्या पांढऱ्याफटक येतात, त्यांच्यावरची शीरही दिसत नाही. ती चकती उणेकडे एक-दोन खाचा सरकवा, पाकळी परत येईल. सोनकीसारख्या पिवळ्या फुलांनाही हेच. याउलट पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं यांनीच फोटो भरला असेल, वारीत असतो तसा, तर कॅमेरा सगळं करडं करून टाकतो; तिथे अधिककडे जा. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेल्या सुनेचा फोटो काढाल तेव्हा पुन्हा उणेकडे, नाहीतर काळा रंग राखाडी दिसतो. कारण एकच: समोर जे काही असेल ते मध्यम उजेडाचं आहे असं धरून कॅमेरा चालतो. नसेल तेव्हा आपण त्याला सांगायचं. एक काळजी घ्या, ही चकती कॅमेरा बंद केला तरी आपोआप ० वर येत नाही, पर्समध्ये फिरूही शकते. रोज पहिला फोटो काढण्याआधी तिच्याकडे नजर टाका.

पहिल्या महिन्याला हे पुरे आहे. बाकीचा मेनू बंद राहिला तरी काही बिघडत नाही. तुम्ही पहिलीच्या मुलांना शाळेच्या पहिल्या दिवशी अख्खं पुस्तक वाचायला लावलं नव्हतं. स्वतःला मात्र माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जायची सक्ती केलीत. ती पुस्तिका अडलं की उघडायची असते, मागची सूची बघून. तुमची वही परत काढा, पण या वेळी तिच्यात पुस्तिकेतलं काही उतरवू नका. आज कुठलं फूल, उजेड कसा होता, चकती कुठे होती आणि काय आलं, एवढं लिहा. फुलाला वारा हलवत होता का, तेही. वाऱ्यात वरची चकती टी-व्ही या अक्षरांवर आणून वेग १/५०० ठेवून बघा आणि दोन्ही फोटोंची नोंद शेजारी शेजारी करा. शाळेत प्रयोगवह्या तपासलेल्या हाताला हे सांगायलाच नको.

वयाचं म्हणाल, तर मला अडचण वयात दिसत नाही, आजूबाजूला विचारायला कुणी उरलं नाही यात दिसते. २०१० साली जगभरात असे लेन्स न बदलता येणारे डिजिटल कॅमेरे कंपन्यांकडून १० कोटींहून जास्त बाजारात पाठवले गेले होते. २०२३ साली तो आकडा २० लाखांच्याही खाली आला होता. तेव्हा पुष्कळ घरांत असा एखादा कॅमेरा होता, भाच्याला विचारलं की भाचा सांगायचा, चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे कार्ड घेऊन गेलं की तो चार गोष्टी समजावायचा. आज पंचविशीतल्या मुलालाही अर्ध्या दाबाचं बटण ठाऊक नसतं. जे सगळ्यांना येतं आणि आपल्यालाच येत नाही असं तुम्हाला वाटतंय, ते तुमच्या घरात बहुधा कुणालाच येत नाही.

म्हणूनच क्लासचा विचार मी अगदी मोडीत काढत नाही. पण दर रविवारी साताऱ्याकडून पुण्याला जाणं-येणं म्हणजे अख्खा दिवस आणि भाडं. पुष्कळसे क्लास मोठ्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी असतात. पैसे भरण्याआधी फोनवर विचारा: माझा छोटा कॅमेरा चालेल का, वर्गात किती जण असतात, कॅमेरा हातात घेऊन सराव करून घेता की पडद्यावर व्याख्यान देता? उत्तरं गुळमुळीत आली तर राहू द्या. दोन महिने फुलांवर हात बसल्यावर गेलात तर विचारायला तुमचे स्वतःचे प्रश्न असतील, आणि मग त्या क्लासचे पैसे वसूल होतील. यूट्यूबवर शोधताना कॅमेऱ्याचं पूर्ण नाव आणि अडलेली एकच गोष्ट लिहा. नुसतं कॅमेऱ्याचं नाव टाकलंत तर घ्यावा की घेऊ नये हे सांगणारेच व्हिडिओ समोर येतात, आणि तुम्ही तर तो घेतलेला आहे.

आता लेकीबद्दल. "वेळच होत नाही" हे उत्तर तुम्हाला टोचतंय, हे पत्रात दिसतं. तिला खरं सांगा. "मला हा जमत नाहीये, तू आलीस की माझ्याजवळ बस," एवढं पुरे. तिला वाईट वाटेल या भीतीपोटी तुम्ही गप्प आहात, पण तिच्या बाजूनं बघा: आईला भेट आवडली नाही, असंच ती एव्हाना समजून बसली असेल. एक अट मात्र तिला आधीच घाला. कॅमेरा तुमच्याच हातात राहील. मुलं प्रेमानं वस्तू हातात घेतात, झरझर दहा ठिकाणी बोटं लावतात, "झालं आई" म्हणतात आणि आपल्याला काय झालं ते कळतच नाही. तिनं तोंडानं सांगायचं, बटणं तुम्ही दाबायची, कितीही वेळ लागला तरी. तिच्याकडून करून घ्यायची कामं थोडी वेगळी आहेत: कॅमेऱ्यातली तारीख-वेळ नीट लावणं, कॅननचं कॅमेरा कनेक्ट हे अ‍ॅप फोनवर घालून फोटो फोनमध्ये आणायची वाट बसवून देणं, आणि जमल्यास एक जादा बॅटरी. एका चार्जिंगमध्ये सुमारे २३५ फोटो निघतात असं कंपनी सांगते. सकाळच्या फेरीला ते भरपूर आहेत, लग्नाच्या दिवसाला नाहीत.

कपाटाबद्दलही सांगते, कारण हे माहीत नसल्यानं चांगले कॅमेरे वाया जातात. आपल्या पावसाळ्यात बंद, दमट जागी महिनोन् महिने पडलेल्या लेन्सवर बुरशी धरते. तुम्ही दवाला जपलंत, पण दमट कपाट त्याहून वाईट. वापर नसेल तेव्हा बॅटरी काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून चालवा. दुसरा शत्रू म्हणजे बारीक पूड. लेन्स आतबाहेर सरकते, तिच्या फटीतून गुलाल किंवा भंडारा आत गेला की दुरुस्ती खर्चाची. विसर्जनाच्या मिरवणुकीत आणि जेजुरीला फोनच वापरा.

आणि विकायचं? तोही पर्याय खुला ठेवा, त्यात अपराध काही नाही. दिवाळीपर्यंत सकाळी कॅमेरा नेऊन बघा. तेव्हाही तो हातात घेताना कपाळाला आठ्याच पडत असतील आणि फोनवर तुम्ही खुशीत फुलं टिपत असाल, तर आधी लेकीशी बोला, मग विका. गेल्या काही वर्षांत तरुण मुलांमध्ये असे छोटे कॅमेरे पुन्हा मागितले जाऊ लागलेत, या मॉडेलला तर चांगली मागणी आहे, त्यामुळे पडत्या भावात द्यायची घाई नको. खोकं, बिल, चार्जर, दोरी आत्तापासून एका पिशवीत जपून ठेवा; ते सगळं सोबत असलं की किंमत बरी येते. देताना कार्ड काढून घ्या आणि मेनूतून वायफायच्या नोंदी पुसून सेटिंग पूर्ववत करा, म्हणजे तुमच्या फोनचं नाव त्यात राहणार नाही.